अंगणातली चार वाजताची सावली: ब्लेंडरमध्ये ऊन कसं लावायचं

माझी पहिली चाळीस सेकंदांची फीत एका मित्राला दाखवली होती. अंगण, तुळशीवृंदावन, मागे पांढरी भिंत आणि अंगणातून चालत जाणारी एक आजी. मॉडेलिंगवर तीन महिने घालवले होते. त्याने शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "अरे, ती आजीच्या पायाशी सावली आहे की डांबर सांडलंय?"

डांबरच होतं ते. वर एक दिवा टांगलेला, आकाशाच्या जागी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा मूळचा राखाडी रंग, आणि सावली काळीकुट्ट. मग मी सावलीचा काळेपणा कमी करायची सेटिंग शोधत बसलो. इथेच बहुतेक हौशी लोक अडकतात. उघड्यावर दोन दिवे असतात, सूर्य आणि आभाळ. सूर्य अडला तरी आभाळ चालूच असतं, आणि सावलीत आपल्याला दिसतो तो त्याचाच उजेड. त्यामुळे सावली नीट हवी असेल तर सूर्याइतकंच लक्ष आभाळाकडे द्यावं लागतं.

खाली तेच अंगण पुन्हा उभं करू. जागा पुण्याजवळची, १५ जानेवारी, दुपारचे चार. सायकल्स आणि ईव्ही ही ब्लेंडरमधली रेंडर करणारी, म्हणजे सीनचं अंतिम चित्र काढणारी, इंजिनं. मी सायकल्समध्ये काम करतो, ईव्हीबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी काठी घेऊन बाहेर जा

संगणक लावण्याआधी एक मीटरची काठी अंगणात, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, कुठेही उभी धरा आणि फोनवर फोटो काढा. काठीच्या बुडाशी सावलीची कड सुरीसारखी असते आणि शेंड्याकडे जाता जाता ती विरघळते. मग सावलीचा रंग बघा. पांढरा कागद अर्धा उन्हात, अर्धा सावलीत ठेवला की सावलीतला भाग निळसर दिसतो. हा फोटो कामभर शेजारच्या खिडकीत उघडा ठेवा. डोळा फार लवकर स्वतःच्या चुकांना सरावतो.

सूर्य

सीनमधले सगळे दिवे काढून टाका. नवा दिवा घ्या तो 'सन' प्रकारचा. पॉइंट लाइट कितीही लांब नेला तरी त्याची किरणं पसरतातच, आणि दोन खांबांच्या सावल्या पंख्यासारख्या फाकतात. सूर्याच्या सावल्या जमिनीवर समांतर पडतात. कॅमेऱ्यातून त्या रेल्वेच्या रुळांसारख्या लांबवर जवळ येताना दिसतील. तो दृष्टिकोनाचा खेळ आहे, घाबरू नका. खात्री करायची असेल तर वरून सरळ खाली बघणारा दृश्यकोन घ्या, तिथे त्या समांतर दिसायला हव्यात.

आता उंची. १५ जानेवारीला चार वाजता पुण्यात सूर्य क्षितिजाच्या साधारण २८ अंश वर असतो, नैऋत्येला, नेमक्या दक्षिणेपासून पश्चिमेकडे सुमारे ५३ अंश. ब्लेंडरमध्ये वाय अक्षाची दिशा उत्तर धरली तर दिव्याचं एक्स रोटेशन ६२ ठेवा, म्हणजे ९० वजा २८, आणि झेड रोटेशन उणे ५३. सावली ईशान्येकडे पडायला लागेल. सनची जागा बदलून काही होत नाही, फक्त फिरवण्याने होतं. हे कळायला मला एक आख्खा रविवार लागला होता.

हा हिशेब हाताने करायचा नसेल तर 'सन पोझिशन' नावाचं अॅड-ऑन आहे. अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६, तारीख, वेळ आणि यूटीसीपासूनचा फरक ५.५ तास दिला की ते सूर्य लावून देतं. यूटीसीचा रकाना विसरलात तर दुपारी चारच्या अंगणात भलतीच वेळ उगवते. आणखी एक गोष्ट. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आहे. 'बरोबर बारा' म्हणून सावली सरळ उत्तरेला टाकलीत तर ती थोडी चुकते.

सावलीची लांबी म्हणजे उंची भागिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचं टॅन. ४५ अंशांवर सावली वस्तूएवढी, ३० वर पावणेदोन पट, १० वर साडेपाच पटीहून जास्त. आपल्या २८ अंशांवर १.२ मीटरच्या वृंदावनाची सावली सव्वादोन मीटर पडेल. टळटळीत दुपार हवी असेल तर ऋतू आधी ठरवा. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारीही सावली वस्तूच्या नऊ दशांश असते, तर मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो आणि खांबाची सावली त्याच्या पायाखाली जाते. जूनमध्ये तर दुपारची छोटीशी सावली चक्क दक्षिणेकडे पडते. उन्हाळ्याच्या सुट्टीची गोष्ट आणि अंगणात लांबलचक दुपारच्या सावल्या असा घोळ मी नामांकित फितींमध्येही पाहिलाय.

कड किती मऊ

सनच्या सेटिंगमध्ये 'अँगल' नावाचा आकडा असतो. आपल्याला सूर्याची थाळी आभाळात साधारण अर्धा अंश, नेमकं सांगायचं तर ०.५३ अंश रुंद दिसते. तोच आकडा इथे ठेवा. शून्य ठेवलंत तर कड पुठ्ठा कापल्यासारखी येते. 'जरा मऊ बरं दिसतं' म्हणून पाच-दहा केलंत तर निरभ्र आकाशाखाली ढगाळ दिवसाची सावली येते.

ग्रहणाच्या बातम्यांमुळे प्रच्छाया (सावलीचा गडद गाभा) आणि उपच्छाया (कडेचा विरत जाणारा पट्टा) हे शब्द ओळखीचे असतील. वृंदावनालाही दोन्ही असतात. सावली टाकणाऱ्या कडेपासून जमीन जितकी लांब, त्याच्या सुमारे १०८ व्या भागाइतकी उपच्छाया रुंद. म्हणजे मीटरला जेमतेम एक सेंटिमीटर. वृंदावनाच्या माथ्यावरून निघालेलं किरण २८ अंशांत जमिनीला टेकेपर्यंत अडीच मीटरहून थोडं जास्त चालतं, म्हणून सावलीच्या टोकाशी बाजूची कड जवळपास अडीच सेंटिमीटर विरते. टोकाची कड तिरक्या जमिनीवर ताणली जाते, ती पाच सेंटिमीटर. बुडाशी मात्र काहीच नाही. रेंडरमध्ये बुडापासून टोकापर्यंत जाताना हा फरक दिसला पाहिजे. एकसारखी मऊ कड दिसली तर कुठेतरी सावली 'ब्लर' केलेली आहे, ते काढा.

कवडसे

इथे मी हवं तर सगळा लेख घालवीन.

अंगणाच्या कडेला आंबा आहे, त्याची एक फांदी जमिनीपासून चार मीटरवर. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तिकोनी, चिंधीसारख्या. पण खाली पडणारे कवडसे गोल असतात. कारण लहान फट सुईच्या छिद्रासारखी वागते आणि प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र असतं. म्हणूनच खंडग्रास ग्रहणात झाडाखाली चंद्रकोरींचा सडा पडतो. सूर्य माथ्यावर असताना चार मीटरवरच्या फटीचा कवडसा पावणेचार सेंटिमीटरचा, रुपयाच्या नाण्याहून बराच मोठा. आपल्या चार वाजता किरण तिरकं साडेआठ मीटर येतं, त्यामुळे आठेक सेंटिमीटर रुंद आणि सतरा सेंटिमीटर लांब अशी लंबवर्तुळं पडतात, सगळी एकाच दिशेला ताणलेली. एकमेकांवर चढतात तिथे जास्त उजळ.

हे हाताने रंगवू नका. अँगल ०.५३ असेल आणि पानं खरी असतील तर सायकल्स आपोआप करतं. पानं खरी म्हणजे काय, इथे गोची आहे. फुकट मिळणारी झाडं बहुतेक वेळा चौकोनी पत्र्यांवर पानांचे फोटो चिकटवून केलेली असतात. फोटोचं अल्फा (कुठे आरपार दिसावं ते सांगणारा भाग) मटेरियलच्या अल्फाला जोडलेलं नसेल तर अंगणात चौकोनी ठिपक्यांची सावली पडते. जोडलेलं असूनही झाडाच्या पोटात काळे तुकडे दिसत असतील तर रेंडर सेटिंगमध्ये लाइट पाथ्सखालचा ट्रान्सपरंट बाउन्सेसचा आकडा बघा. तो मुळात ८ असतो. एकामागे एक वीस पत्रे असले की किरण मध्येच दम तोडतं. मी ३२ ठेवतो.

पान उन्हासमोर धरलं की पोपटी पेटतं. त्यासाठी मटेरियलमध्ये उजेड आरपार झिरपू देणारा ट्रान्सल्युसंट शेडर तीसेक टक्के मिसळा. याने सावलीही बदलते: आंब्याखालची सावली भिंतीच्या सावलीसारखी निळी न राहता किंचित हिरवट होते. फांदीला वाऱ्याने अगदी थोडं हलवलं तर कवडसे थरथरतात. अंगण जिवंत वाटायला एवढं पुरतं, पण प्रमाण सांभाळा. चार मीटरवरची फांदी पाच सेंटिमीटर आडवी हलली की कवडसाही पाचच सेंटिमीटर सरकतो, पण ती पाच सेंटिमीटर खाली झुकली तर तो साडेनऊ सेंटिमीटर पळतो.

आभाळ

वर्ल्ड सेटिंगमध्ये, म्हणजे जिथे सीनभोवतीचं आभाळ ठरतं तिथे, स्काय टेक्स्चर लावा. ब्लेंडर २.९० मध्ये आलेला निशिता प्रकार किंवा नव्या आवृत्त्यांत त्याच्या जागी आलेला प्रकार घ्या, ज्यात सूर्याची उंची विचारतात. उंची २८ द्या, फिरवणं सनशी जुळवा आणि 'सन डिस्क' बंद करा. डिस्क चालू राहिली तर एका वृंदावनाला दोन सावल्या पडतात. दोन्ही बरोबर एकमेकींवर बसल्या तर चूक दिसतही नाही, फक्त ऊन नको तितकं वाढतं.

आता दोघांचं प्रमाण, जे डोळ्याने ठरवलं तर हमखास फसतं. मोकळ्या जमिनीवर ०.१८ राखाडी रंगाचा पत्रा ठेवा. त्यावर बारीक खांबाची सावली पाडा. खांब बारीक हवा, म्हणजे सावलीतल्या ठिकाणाला जवळपास सगळं आभाळ दिसत राहतं. सनची ताकद ४ ठेवा, आभाळाची ०.१ पासून सुरू करा. रेंडर करा, आणि चित्रावर उजवी कळ दाबून धरा. खाली लाल, हिरवा, निळा असे आकडे दिसतील. एकदा उन्हात, एकदा सावलीच्या गाभ्यात वाचा आणि हिरव्याला हिरव्याने भागा. निरभ्र दिवशी चारच्या सुमाराला हा भागाकार चार ते पाच यावा, भर दुपारी सहा ते आठ. हा माझा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. माझ्या अंगणात उन्हात ०.१४ आणि सावलीत ०.०३२ आले, म्हणजे ४.४. जास्त आला तर आभाळ वाढवा, कमी आला तर उतरवा. सन आता हलवू नका, एकच स्क्रू फिरवायचा.

सावलीच्या आकड्यांत निळा लालपेक्षा मोठा दिसला पाहिजे. दिसत असेल तर सावलीत वेगळा निळा रंग ओतू नका. बरेच जण ओततात आणि सावली शाईसारखी होते. सनच्या रंगात मात्र किंचित पिवळसरपणा चालतो, चार वाजता अगदी किंचित. केशरी ऊन सूर्यास्ताच्या आधीचं, तेव्हा सूर्य १० अंशांच्या खाली असतो.

आयत्या एचडीआरआय फोटोंचं, म्हणजे उजेडाचे खरे आकडे साठवणाऱ्या चोहोबाजूंच्या फोटोंचं काय? पॉली हेवन या संकेतस्थळावर ते फुकट आणि बंधनाशिवाय मिळतात, सुंदरही असतात. पण फोटो घेताना सूर्य जळून सपाट झालेला असेल तर ऊन मिळमिळीत आणि सावली फिकट येते. मग त्या फोटोतल्या सूर्याच्या दिशेलाच वेगळा सन लावा आणि वरचाच भागाकार पुन्हा करा.

जमीन आणि भिंत

वृंदावनाची सावलीतली बाजू ईशान्येला, आणि तिच्यासमोर उन्हात न्हालेली चुन्याची भिंत. ती भिंत तिसरा दिवा आहे. तिच्यावरून उसळलेलं पिवळसर ऊन वृंदावनाच्या सावलीतल्या बाजूवर येतं, त्यामुळे ती बाजू जमिनीवरच्या सावलीइतकी निळी दिसत नाही. यासाठी वेगळं काही लावायचं नाही, फक्त रंगांचे आकडे (० म्हणजे काळा, १ म्हणजे पांढरा) खरे हवेत. चुना ०.८ च्या वर नको. पूर्ण १ ठेवलात तर अंगणात ट्यूबलाइट लावल्यासारखं होतं. सारवलेली जमीन ०.२ च्या आसपास. नवीन डांबरी रस्ता ०.०५ पर्यंत उतरतो, पण शून्य कधीच नाही. कोकणातलं अंगण करत असाल तर जांभ्याची लाली सगळ्यांच्या हनुवटीखाली चढू द्या.

जमीन सपाट ठेवली तर सावलीची कड पट्टीने आखल्यासारखी येते. २८ अंशांवर एक सेंटिमीटरचा उंचवटा कडेला जवळपास दोन सेंटिमीटर सरकवतो, म्हणून सारवणाचे हलके चढउतार खऱ्या भूमितीत करा, डिस्प्लेसमेंटने. बंप मॅपने चालत नाही. बंप पृष्ठभागाची छटा बदलतं, सावलीची कड जागची हलत नाही.

याच हिशेबाने पायही तपासा. आजीची टाच जमिनीपासून एक सेंटिमीटर वर असेल तर तिची सावली दोन सेंटिमीटर पलीकडे सुरू होते आणि आजी तरंगते. प्रेक्षकाला नक्की काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. चालण्याच्या प्रत्येक पावलाला, पाय पूर्ण टेकलेल्या फ्रेमवर, जवळून बघा. मी टाच एक-दोन मिलिमीटर जमिनीत घुसवतो. कुणाला कळत नाही.

उजेडाचं शेवटचं गाळण

कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (उजेडाचे आकडे पडद्यावरच्या रंगांत बदलणारी सेटिंग) 'स्टँडर्ड' असेल तर बदला. ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स मूळचंच असतं, त्याआधी २.८० पासून फिल्मिक. स्टँडर्डमध्ये भिंत जळते, मग आपण घाबरून सूर्य कमी करतो, आणि केलेला सगळा भागाकार वाया जातो. चित्र अंधारं वाटलं तर दिव्यांना हात न लावता एक्स्पोजर वाढवा. सूर्य-आभाळाचं नातं तसंच राहतं.

पडवी काळी पडत असेल तर डिफ्यूज बाउन्सेस बघा. मूळचे ४ अंगणाला पुरतात, पण खोल पडवीत उजेड चार-पाच उसळ्या मारूनच पोहोचतो. तिथे ६ ते ८.

ईव्ही वापरत असाल तर

थोडक्यात. ४.२ पासून ईव्हीच्या सावल्या नव्याने लिहिल्या गेल्या आणि बऱ्याच सुधारल्या. जुनी आवृत्ती असेल तर शक्यतो वर या. सनची कड त्यात जमते. न जमणारी गोष्ट म्हणजे आभाळ. ईव्हीत आभाळाचा उजेड पडवीतही बिनधास्त शिरतो, त्यामुळे आत-बाहेर सारखंच उजळ आणि वस्तू जमिनीपासून सुटलेल्या दिसतात. रे-ट्रेसिंग चालू करा आणि अंगण-पडवी झाकेल असा व्हॉल्यूम प्रोब (त्या जागेतला उजेड नोंदवणारी चौकट) ठेवून बेक करा, म्हणजे तो उजेड साठवून घ्या. पानांच्या कवडशांसाठी मात्र मी सायकल्सकडेच जातो.

हलत्या चित्रात

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, दहा सेकंदांत ०.०४ अंश. म्हणून साध्या शॉटमध्ये सूर्य हलवू नका. टाइमलॅप्स असेल तरच हलवा, आणि की-फ्रेम्सचं इंटरपोलेशन लिनियर करा. मूळच्या बेझियरमुळे सूर्य स्टँडवरून निघालेल्या एसटीसारखा हळू निघतो, मध्ये धावतो आणि पुन्हा हळू होतो.

सावलीतली चुळबुळ ही दुसरी डोकेदुखी. एका फ्रेममधले कण डीनॉइझर छान पुसतो, पण फिरताना उपच्छायेत आणि पडवीच्या कोपऱ्यात डाग उकळल्यासारखे हलतात. पूर्ण रेंडर लावण्याआधी सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याभोवती रेंडर रीजन आखा आणि फक्त २४ फ्रेम काढून फिरवून बघा. डाग हलत असतील तर सॅम्पल्स (दर ठिपक्यामागे सोडलेली किरणं) दुप्पट करा आणि पुन्हा त्याच २४. सीडच्या (कणांची मांडणी ठरवणाऱ्या आकड्याच्या) शेजारचं घड्याळाचं चिन्ह चालू असू द्या. ते बंद असेल आणि डीनॉइझ लावलेलं नसेल तर कण काचेवरच्या धुळीसारखे एका जागी चिकटून राहतात.

शेवटी ढग. अंगणावरून ढगाची सावली सरकवायची म्हणून मी वर नॉइझ टेक्स्चरचा पत्रा टांगला होता आणि जमिनीवर एक ठळक कड चालवली होती. बाहेर जाऊन बघितलं तर अंगणात अशी कड कधी दिसतच नाही. एक किलोमीटर उंचीवरचा ढग, सूर्य २८ अंशांवर, म्हणजे किरण दोन किलोमीटरहून लांब येतं, आणि उपच्छाया वीसेक मीटर होते. आख्खं अंगण त्यात मावतं. पत्रा लांबच्या डोंगरउतारासाठी ठेवा, कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून त्याच्या रे व्हिजिबिलिटीतला कॅमेरा बंद करून. अंगणासाठी सनच्या ताकदीला दोन की-फ्रेम पुरतात: ४ वरून ०.३ वर, ७० ते ७५ फ्रेम्समध्ये, म्हणजे २४ च्या गतीने तीन सेकंद. आभाळाला हात लावू नका. ऊन विझत जाईल, वृंदावनाची सावली जमिनीत मुरेल आणि फक्त बुडाशी, तुळशीच्या कुंडीखाली, आजीच्या टाचेखाली एक बारीक काळोखी रेघ उरेल.